फाळक्याविना पिकअप

गाडीचा मागचा फाळका काढून ठेवायचा, एवढाच काय तो निर्णय. पण माणूस बिघडायला तेवढा पुरतो.

गादी कारखान्याच्या मालकीणबाईंच्या यजमानांना सगळी गल्ली ॲव्हरेजराव म्हणते. नवी ऑटोमॅटिक पिकअप दारात आल्यापासून राव बायकोच्या तोंडाकडे कमी आणि डॅशबोर्डवरच्या मायलेजच्या आकड्याकडे जास्त बघत. (बायकोची त्याबद्दल तक्रार नव्हती, ही गोष्ट वेगळी.) आकडा वाढावा म्हणून त्यांनी आधी स्टेपनी उतरवली, मग जॅक, मग पायाखालच्या मॅट. आणि त्या दिवशी फाळका.

"अहो, फाळका नाही तर गाद्या अडणार कशाला?"

"गादी म्हणजे काय चेंडू आहे घरंगळायला? फाळक्याला वारा अडतो, डिझेल जळतं. तुला नाही कळायचं."

"निदान दोरी तरी बांधा."

"दोरीला वजन नसतं?"

बायकोने कपाळावर हात मारला. तिची ही पहिलीच मोठी ऑर्डर, मुलींच्या नव्या वसतिगृहाच्या सगळ्या गाद्या. मुली संध्याकाळी राहायला येणार होत्या. त्याआधी गाद्या पोचल्या नाहीत तर काम दुसऱ्याला, असं वॉर्डनबाईंनी बजावलं होतं. ती जीव मुठीत धरून स्कूटरवरून मागोमाग निघाली.

चढावर गाडी मंदावली. जन्मभर गिअरच्या गाड्या हाकलेला रावांचा डावा पाय सवयीने क्लच दाबायला गेला. ऑटोमॅटिकला क्लच नसतो. पायाखाली आला ब्रेक! गाडी जागीच थांबली, रावांचं नाक स्टिअरिंगला टेकलं. घाबरून त्यांनी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. गिअरबॉक्सने आपल्या बुद्धीने खालचा गिअर घेतला आणि गाडी अशी उसळली, की राव सीटला चिकटले. मागे काय झालं ते बघायला त्यांना सवड नव्हती, कारण चढ संपला आणि समोर चमत्कार घडू लागला. आकडा वाढत होता!

मागून स्कूटरचा हॉर्न कोकलत होता.

"घाई झालीय हिला," राव पुटपुटले. "वेग वाढवला की ॲव्हरेज मेलं."

मग फोन वाजला. गाडी चालवताना ते फोन घेत नसत (नियमाचा माणूस!).

वसतिगृहाच्या दारात वॉर्डनबाई उभ्या होत्या. राव छाती फुगवून उतरले. "बाई, आकडा बघा आकडा!"

"गाद्या कुठायत?"

"या काय, मागे."

"मागे कुठे?"

राव वळले. मागे नुसता पत्रा. त्यांनी गाडीखालीसुद्धा वाकून पाहिलं. बायकोची ऑर्डर गेली आणि ती आपणच घालवली, हे आता त्यांना कळलं.

तेवढ्यात एका भाजीवाल्याचा धूर ओकणारा जुना टेम्पो आत शिरला. वर करकचून बांधलेल्या गाद्या, पुढे धुळीने माखलेली बायको. प्लॅस्टिकचं वेष्टण होतं म्हणून अब्रू वाचली. मुली यायच्या आत शेवटची गादी खोलीत पडली.

काम संपल्यावर ती पिकअपच्या स्टिअरिंगवर बसली आणि दुसरं दार आतून लावून घेतलं.

"अगं, मी?"

"चढाच्या पलीकडे माझी स्कूटर आहे. तुमच्या मागे धावून तिचं पेट्रोल संपलंय. ढकलत आणा."

गाडी वळली, फाटकाबाहेर पडली. राव हताशपणे बघत राहिले. मग न राहवून जिवाच्या आकांताने मागे धावले.

"अगं ए! घरी पोचलीस की बंद करायच्या आधी आकडा तेवढा बघून ठेव!"