अकरावे साहेब

आमच्या ह्यांनी मला लाज आणली नाही अशी जागा भिवंडीत फारशी उरलेली नाही. कारण एकच. कॉम्प्युटर दिसला की हा माणूस चपला काढतो. घरात, बँकेत, कुरिअरच्या दुकानात, कुठेही. वर हात जोडून म्हणतो, "साहेब, गुड मॉर्निंग."

राहनाळच्या एका गोदामात ह्यांची सगळी नोकरी कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून गेली. सुरुवातीला तिथे कॉम्प्युटरची एसी खोली होती आणि चपला बाहेर काढायचा नियम होता. पुढे नियम गेला, एसी गेला, खोलीही गेली. ह्यांची सवय तेवढी राहिली.

साहेब म्हणजे मशीन नव्हे बरं का. मशीन चालवणारी ती ऑपरेटिंग सिस्टम असते ना, ती साहेब. नवी आली की हे घरी येऊन सांगायचे, "साहेबांची बदली झाली. आता नव्याचा स्वभाव बघायला लागंल." डॉससाहेब कडक. काळ्या पडद्यावर एक अक्षर चुकलं की हाकलून द्यायचे. "पन मनात काय ठेवायचे न्हाय." मग खिडक्यांवाले, म्हणजे विंडोजसाहेब आले. हसतमुख, पण काम ऐन रंगात आलं की निळे पडायचे. हिरव्या डोंगराच्या चित्राचे साहेब म्हणजे देवमाणूस. त्यांची बदली झाली त्या दिवशी हे जेवले नव्हते. आठव्या साहेबांनी आल्या आल्या स्टार्टचं बटणच काढून घेतलं. "पयल्याच दिवशी चहा बंद करनाऱ्यातला हाय हा," असं ह्यांचं मत पडलं.

एकदा आम्ही बँकेत पासबुक भरायला गेलो. ह्यांनी काउंटरपाशी चपला काढल्या आणि आतल्या मुलीला विचारलं, "तुमच्याकडं सध्या कोन साहेब हायत? दहावे की अकरावे?" तिने घाबरून मॅनेजरला बोलावलं. मी दुसऱ्या रांगेत जाऊन उभी राहिले, जणू ह्यांना ओळखतच नाही.

माझ्या भाचीच्या साखरपुड्यात तर कहर झाला. अंगठी घालायच्या वेळी गाणीवाल्याचा लॅपटॉप अपडेटला बसला. तो बिचारा बटण दाबून बंद करायला निघाला, तर हे अनवाणी स्टेजवर. "हात लावू नको! साहेब कपडे बदलतायत!" सगळा हॉल हसतोय आणि नवरा मुलगा अंगठी धरून तसाच उभा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माहेरची माणसं अजून फोनवर आधी साहेबांची खुशाली विचारतात.

रिटायर होताना गोदामाने जुनं मशीन ह्यांनाच देऊन टाकलं. ते नारपोलीला आमच्या बाहेरच्या खोलीत असतं. शेजारच्या रेहाना भाभी रोज सकाळी दारातून "साहब उठ गये क्या?" करून हसतात. आधी हे मशीनवर बिल्डिंगच्या नोटिसा टाइप करायचे, आज पाणी नाही, गच्चीला कुलूप आहे, वगैरे. आता सगळं मोबाइलच्या ग्रुपवर येतं. ह्यांना कोणी काही टाइप करायला सांगत नाही. तरी रोज चपला काढणं आणि गुड मॉर्निंग चालूच.

गेल्या महिन्यापासून मात्र कोणी आलं की हे घाईघाईने मॉनिटरवर टॉवेल टाकायला लागले. मला वाटलं, सुटले बाई! उशिरा का होईना, ह्यांना लाज वाटायला लागली.

परवा मॉनिटर पुसायला म्हणून मी तो टॉवेल उचलला. पडद्यावर लिहिलं होतं की हे मशीन नव्या सिस्टमसाठी पात्र नाही. वळून बघते तर हे मागे उभे.

"वाचलंस?"

"मग नवीन घ्या की एखादं."

"ते घेता येल गं. पन ह्याला अकरावे साहेब नको म्हनले. येवड्या साहेबांच्या हाताखाली राबला, आन आता येनारा-जानारा त्याच्या तोंडावरच वाचतो, पात्र न्हाय. त्याला काय वाटत असंल?"

मी हसणार होते, पण मशीनला ऐकू जाऊ नये म्हणून हे हळू बोलत होते. गोदामात टायपिंगऐवजी हातात धरायचे स्कॅनर आले तेव्हा ह्यांनाही चारचौघांत असंच काहीसं ऐकवलं होतं. ते मला दुसऱ्यांकडून कळलं. ह्यांनी घरी कधी विषय काढला नाही. आणि मी टॉवेल बघून खूश झाले होते. मला माझीच लाज वाटली.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "साहब उठ गये क्या?"

हे टॉवेल शोधायला लागले. तो माझ्याच हातात होता. टाचदुखीमुळे मी घरातही स्लिपर घालून असते. त्या काढून बाजूला ठेवल्या, टॉवेल पडद्यावर नीट पसरला आणि मीच मोठ्याने म्हणाले, "उठे हैं, भाभी. लेकिन आज किसी से मिलेंगे नहीं."