वांगी रंगाची चार बोटं

शिंप्याने शाळेच्या पॅन्टींचा ढीग संपवला, शेवटच्या कापडाची कड ओव्हरलॉक मशीनखालून सर्रकन काढली, दोरा कापला, आणि मगच त्याच्या लक्षात आलं की शेवटचं कापड पॅन्ट नव्हतंच. तो मफलर होता.

साधासुधा मफलर असता तर गोष्ट तिथेच मिटली असती. हा बायकोच्या माहेरचा मफलर. सत्तर हात लांब, गादीसारखा गुंडाळून पेटीत ठेवावा लागे असा. बायकोच्या पणजीने तो विणायला घेतला आणि अजून कुणी संपवला नव्हता. दर हिवाळ्याच्या सुट्टीत सगळं कुटुंब कुणा एकाच्या घरी जमे आणि प्रत्येक जण आपापल्या रंगाची चार बोटं, म्हणजे तेवढ्या रुंदीची पट्टी, विणून त्याला जोडत असे. टोक मात्र बंद करायचं नाही! शेवटचे टाके एका दोरीत ओवून ठेवायचे, पुढच्या वर्षी तिथून पुढे. कारण पणजी सांगून गेली होती, की थंडी ही एक म्हातारी आहे. ती दाराशी येते, घरात विणकाम चाललेलं बघते आणि म्हणते, "होऊ द्या तुमचं पुरं, मग येते आत." पुरं झालेलं दिसलं की ती आत येऊन बसलीच, आणि एकदा बसली की उठायचं नाव नाही.

हे सगळं शिंप्याला तोंडपाठ होतं. पण वीस वर्षांच्या सवयीला कोण काय करणार? उघडी कड दिसली की त्याचे हात आपोआप मशीनकडे जात. सकाळी बायकोने डांबरगोळ्यांचा वास जावा म्हणून मफलर खिडकीशी उन्हात सोडला होता. त्याचं टोक कापायच्या टेबलावर, पॅन्टींच्या शेजारी येऊन पडलं होतं. हातांनी दोरी ओढून टाकली, कात्रीने टोक सरळ कापलं, तीन दोऱ्यांनी पक्कं केलं. काम मात्र सुरेख झालं होतं.

"अगं, जरा इकडे ये," त्याने हाक मारली.

बायको आली, तिने बघितलं आणि ती खुर्चीत बसली. "अहो, यंदाच हे सुचावं तुम्हाला?"

यंदाच! तिथेच तर खरं दुखणं होतं. या घरात जावयाला लगेच सुई मिळत नसे. तोवर त्याने लोकरीचा गुंडा धरून बसायचं. कधीपर्यंत, ते बायकोच्या थोरल्या आत्या ठरवत. त्या मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेल्या, म्हणून घरात त्यांना सगळे हेडबाई म्हणत. औषधाचं दुकान असलेल्या साडूने नऊ वर्षं गुंडा धरला होता. शिंप्याचं हे तिसरं वर्ष. ज्याचं पोटच सुईवर, त्याने सगळ्यांसमोर गुंडा धरून बसायचं, हे त्याच्या जिव्हारी लागलं होतं. आणि यंदा जमायचं होतं त्याच्याच घरी. हेडबाईंनी पत्रात स्वतःहून लिहिलं होतं, 'जावईबापूंना यंदा सुई द्यावी म्हणते. बघू.'

"उसवतो ना," शिंपी म्हणाला. "त्यात काय एवढं! जन्मभर तेच करत आलोय."

त्याने ब्लेड घेऊन शिवण उसवली. शिवण निघाली आणि तिच्याबरोबर कापलेले टाकेही निघाले. एक टाका पकडावा तर शेजारचे दोन सुटत. ते पकडायला जावं तर खालची ओळ पळू लागे. वांगी रंगाच्या धाग्यांचे बोटबोटभर तुकडे जमिनीवर पडत गेले. शिंपी घाम पुसून थांबला तेव्हा वांगी रंगाची पट्टीच शिल्लक राहिली नव्हती. खाली साडूचा मोरपंखी लागला होता.

"वांगी कुणाचा गं?"

"कुणाचा म्हणजे! शेवटची पट्टी नेहमी आत्याची. दार लावून एकटी विणते ती, शांतता लागते म्हणून."

एवढ्यात बायकोचे वडील चहाचा कप घेऊन आत आले. निवृत्त घड्याळजी, कालच येऊन राहिलेले. त्यांनी जमिनीवरचे तुकडे उचलले, पार नाकाशी नेऊन पाहिले आणि म्हणाले, "ताईची पट्टी वाटतं?"

"बाबा, माझं चुकलं," शिंपी म्हणाला. "मी त्यांना सांगून टाकतो."

"आणि मग बारा वर्षं गुंडा धरता? चारला येतील सगळे. सुया आण गं पोरी."

"पण तुम्हाला येतं विणता?"

"हात बसलाय थोडा," घड्याळजी म्हणाले. "लोकर तेवढी पाहिजे. या तुकड्यांचं काही व्हायचं नाही."

वांगी लोकर सबंध घरात एकाच ठिकाणी होती. लग्नात हेडबाईंनी शिंप्याला दिलेल्या स्वेटरमध्ये. तो स्वेटर आज घालायचाच होता. नाहीतर हेडबाईंनी आल्या आल्या विचारलं असतं.

"बाही काढा," घड्याळजी म्हणाले.

"अहो बाबा, आत्याबाईंनी स्वतः विणलेला स्वेटर तो!"

"काढा हो. तो कुणी विणलाय ते मला माहीत आहे. काही बिघडत नाही."

डाव्या बाहीचा गुंडा झाला. घड्याळजी विणू लागले तेव्हा शिंप्याने पाहिलं, ते सुयांकडे बघतच नव्हते. खिडकीबाहेर बघत, चहा पीत, भराभर टाके घालत होते. मधेच त्याने स्वतः एक ओळ करून बघितली. सुई ती सुई, असं त्याला वाटत आलं होतं. दहा मिनिटांत तेरा टाक्यांचे सतरा झाले. घड्याळजींनी ती ओळ सोडवली आणि पुन्हा घातली. साडेतीनला वांगी रंगाची चार बोटं जिथल्या तिथे होती, टोकाचे टाके दोरीत. शिंप्याने सासऱ्यांचे पायच धरले.

चारला घर भरलं. शिंप्याने एका बाहीच्या स्वेटरवर कोट चढवला होता. शेगडी अशी पेटली होती की साडूने पायमोजेसुद्धा काढले.

"जावईबापू, कोट काढा की," हेडबाई म्हणाल्या.

"थंडी वाजतेय जरा, आत्याबाई."

"घाम गळतोय तुमचा."

"तापाचा असेल."

"ताप?" साडू आनंदाने उठला, कारण पिशवीत औषधं घेऊन फिरायची त्याला सवय होती. "काढा कोट, काखेत थर्मामीटर लावू." शिंपी नको नको म्हणेपर्यंत त्याने मागून कोट उतरवलासुद्धा.

वांगी स्वेटरमधून शिंप्याचा डावा हात सदऱ्यासकट उघडा पडला होता.

"नवी फॅशन आहे," शिंपी म्हणाला.

हेडबाईंनी चष्मा लावला. आधी त्या हाताकडे पाहिलं, मग पेटीतून मफलरचं टोक काढून मांडीवर घेतलं. पट्टीवरून त्या हळूहळू बोट फिरवू लागल्या आणि मधोमध त्यांचं बोट आरपार गेलं. एक टाका सुटून तिथे भोक राहिलं होतं. शिंप्याने मनात हिशेब केला. संपलं. बारा वर्षं.

पण हेडबाई त्याच्याकडे बघतच नव्हत्या. त्या बघत होत्या भावाकडे. घड्याळजी समोर बसून बशीतलं बिस्कीट चाचपून शोधत होते.

"तुला हे भोक दिसलं नाही?" हेडबाईंनी हळूच विचारलं.

"कुठलं भोक, ताई?" घड्याळजी म्हणाले.

हेडबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि वर्गात बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "यंदा जावईबापू सुई धरणार. आतापासून."

"तिसऱ्याच वर्षी?" साडू ओरडला. "मी नऊ वर्षं..."

"तुम्ही गुंडा धरा," हेडबाई म्हणाल्या. साडू बसला.

बायकोने टाळ्या वाजवल्या. शिंपी उठून हेडबाईंच्या शेजारी जाऊन बसला. त्यांनी सुया त्याच्या हातात दिल्या. तीन वर्षं ज्याची वाट पाहिली ते हातात आलं होतं, आणि आता खोटं बोलवेना. तो त्यांच्या कानाशी वाकला.

"आत्याबाई, एक सांगू? रागावू नका. मला विणता येत नाही."

"मग शिका," हेडबाई कुजबुजल्या. "पुढच्या वर्षीपासून माझीही चार बोटं तुम्हालाच विणायची आहेत. भावाला आता दिसत नाही."

"पण तुमची चार बोटं तर तुम्ही..."

"मला तरी कुठे येतं विणायला?"