मी मनातच वाचत होतो

उमरग्याला नातवासाठी मुलगी बघायला निघालो, तेव्हा मी छाती ठोकून सांगितलं, "आज माझा एकही शब्द सुटणार नाही!" कान जाऊन सहा वर्षं झाली, पण नातवानं, दिग्विजयनं, माझ्या फोनवर सोय करून दिली होती. कुणी बोललं की त्याचे शब्द पडद्यावर उमटतात. आणि वाचता मला येतं! बासष्टाव्या वर्षी प्रौढांच्या वर्गात शिकलोय. गुरुजींचा दंडकच होता, "मोठ्यानं वाचा, आवाज वेशीपर्यंत गेला पाहिजे!"

गाडीतच मथुराबाईनं, म्हणजे आमच्या बायकोनं, बजावलं, "वाचा हवं तेवढं, पण तोंड उघडायचं न्हाय! पोराचं हे तिसरं स्थळ हाय." मी शहाण्यासारखी मान डोलावली.

मुलगी, दीपमाला, पोहे घेऊन आली. तिचे वडील आण्णासाहेब म्हणाले, "पोरीनंच केलेत बरं का!"

मथुराबाई नातवाच्या कानाला लागली. पडद्यावर आलं, "लई खारट हायत. गप गिळ."

मी चष्मा सावरून मनातल्या मनात वाचलं. लगेच तीच ओळ पुन्हा आली. पुन्हा वाचली. तिसऱ्यांदा आली! मला वाटलं, सगळं घरच खारट खारट करतंय. आण्णासाहेबांचा चेहरा उन्हात विसरलेल्या पापडासारखा वाकडा झाला. बिचारे! मीठ बाधलं असेल.

त्यांनी विषय बदलला, "गाडी झकास हाय तुमची!"

दिग्विजय पुटपुटला, "आजी, शेजारच्या सुरजची मागून आणलीय, बोलू नको."

तीही ओळ दोनदा आली. फोन बिघडला म्हणून मी तो गदागदा हलवला. मथुराबाईनं मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांपुढं तुळजापूरची दीपमाळ पेटली!

दिग्विजय माझ्याकडं वाकला. पडद्यावर आलं, "आजोबा, तुम्ही मोठ्यानं वाचताय!"

तेही मी वाचलं. तेही पुन्हा आलं. तेव्हा कुठं उमगलं, फोन माझाच आवाज टिपत होता!

संपलं! दिग्विजय चपला शोधायला उठला. मला तर खुर्चीसकट जमिनीत जावंसं वाटलं.

इतक्यात दीपमालानं हसत हसत माझा फोन तोंडापाशी ओढला. शब्द उमटले, "पोहे काकूनं केलेत. मला चहासुदा येत न्हाय. आन् गाडी नसली तरी चालंल. ज्या घरात कायच लपून राहत न्हाय, ते घर मला पसंत हाय!"

हे मात्र मी मुद्दाम मोठ्यानं वाचलं. दोनदा!

लग्न ठरलं. आण्णासाहेबांची अट एकच: आजोबांनी मांडवात फोन खुशाल आणावा, चष्मा तेवढा घरी ठेवावा.