भिंतबाई

आमच्या अंगणवाडीला भिंती पाच होत्या. चार सरकारी आणि पाचव्या नसीम मॅडम.

पहिल्याच दिवशी त्यांनी कोपऱ्यात चटई टाकली आणि मला बजावलं, "ताई, मुलांना सांगा, मी भिंत आहे. माझ्याशी बोलायचं नाही." मी सोळा वर्षं सेविका आहे, पण साडी नेसलेली भिंत पहिल्यांदाच बघत होते! मॅडम नगरहून यायच्या. राहुरीपर्यंत एसटी, पुढे टमटम. वय शेचाळीस, दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या, आणि आता बाईंना बालविकासात पीएचडी करायची होती. लहान मुलं आपापसात कशी बोलतात, हा विषय. बघायचं, लिहायचं, पण मधे पडायचं नाही. ज्या मुलाशी त्या बोलल्या ते मूल अभ्यासातून बाद. त्यांच्या सरांनी पंचवीस मुलं सांगितलेली, आणि माझ्या पटावर मोजून पंचवीसच. एक गळलं तरी पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून.

बाईंनी हे इतकं मनावर घेतलं की विचारू नका. गणेशने खुंटी समजून दप्तर त्यांच्या खांद्याला अडकवलं, तर दप्तरासकट लिहीत बसल्या. पोरींनी पाठीवर खडूने बदक काढलं, ते घेऊन तशाच एसटीत चढल्या. एकदा आमच्या पर्यवेक्षिका आल्या, त्यांनी नमस्कार केला, तर मॅडम गप्प.

"यांना ऐकू येत नाही का हो?" पर्यवेक्षिकांनी मला ओरडून विचारलं.

"येतंय की. पन त्या भिंत हायेत," मी सांगितलं. तेव्हापासून पर्यवेक्षिका माझ्याशीही जरा जपूनच बोलतात.

पोरं त्यांना भिंतबाई म्हणायला लागली. फक्त पिंकी काहीच म्हणत नव्हती. ऊसतोडीच्या टोळीतली चार वर्षांची पोर, घरची बोली वेगळी. दाराशी बसायची, खिचडी खायची, आई आली की जायची. मी गाणी म्हटली, बिस्किटं दाखवली, पण पोरीने तोंड उघडलं असेल तर शपथ. मॅडमच्या वहीत तिच्या नावापुढे रोज एकच ओळ: बोलली नाही. पण चटई मात्र रोज वीतभर दाराकडे सरकत होती.

"मॅडम, भिंत सरकाय लागली की!" मी एकदा चिडवलंच.

"उजेड हवा ना," त्या म्हणाल्या.

टोळी जायला आठ दिवस उरले होते. मी खिचडी वाढत होते. पिंकी उठली, मॅडमपुढे उभी राहिली, त्यांचा पदर ओढला आणि म्हणाली, "भिंत, शू."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. मॅडमनी वहीकडे पाहिलं, पिंकीकडे पाहिलं. मग वही दिली टाकून, "चल बेटा, चल," म्हणत तिला उचललं आणि मोरीकडे धावल्या. आल्या तेव्हा साडी ओली होती. जरा उशीरच झाला होता. तशाच बसल्या, वहीत लिहिलं, 'बोलली', आणि पिंकीच्या नावावर रेघ मारली.

"अवो, कोन बघतंय?" मला राहवेना. "वर्ष जाईल की तुमचं!"

"जाऊ दे, ताई. पहिलीत मला मराठी येत नव्हती. शू लागली हे कसं सांगायचं तेसुद्धा माहीत नव्हतं. रोज बाकावरच व्हायची. बाई समोरच असायच्या, पण कधी विचारलं नाही त्यांनी." मग ओल्या साडीकडे बघत रडता रडता हसल्या. "हिनं मला हाक मारली हो. सगळ्यांना सोडून मलाच."

दिवाळीनंतर त्या पुन्हा आल्या. पिंकीची टोळी यंदा दुसऱ्या कारखान्याला गेली होती. आली का म्हणून मॅडमनी दोनदा विचारलं. चटई उचलली आणि या खेपेला थेट मोरीच्या दाराशी टाकली.

"मॅडम, हितं कुठला आलाय उजेड?" मी म्हटलं.

"भिंतीला कशाला लागतो उजेड?" त्या म्हणाल्या, आणि वही उघडून बसल्या.