खरा कॉम्प्युटर कोणता?

२००३ साली नाशिकच्या अख्ख्या इंदिरानगरात कॉम्प्युटर म्हणजे नेमकं काय, हे कळलेली तीनच माणसं होती. त्यांतला एक मी. उरलेले दोन कोण, हे मला अजून समजलेलं नाही. पण सभ्य माणसानं एकदम ‘मी एकटाच’ असं म्हणू नये, म्हणून तीन म्हणतो.

त्या वर्षी मी आमचा कॉम्प्युटर विश्वकार्याला वाहिला होता. एका परदेशी विद्यापीठानं आकाशाकडे कान लावले होते. कुठल्या ताऱ्यावरून कुणी हाक मारतंय का, हे त्यांना तपासायचं होतं. पण आकाशात खरखरच एवढी, की तपासायला त्यांची यंत्रं पुरेनात! मग त्यांनी त्या खरखरीचे तुकडे केले आणि जगभरच्या घरगुती कॉम्प्युटरांना वाटून दिले. कॉम्प्युटर रिकामा असला की त्यानं तुकडा तपासायचा आणि टेलिफोनच्या तारेवरून निकाल आपोआप परत धाडून नवा तुकडा घ्यायचा. एका तुकड्याला वीस-बावीस तास. मोबदला शून्य; पण गुण मिळत आणि संघ काढता येई!

संघ काढता येतो म्हटल्यावर मी थांबतोय होय! ‘गोदाकाठ संघ’ स्थापन झाला. अकरा घरं, अकरा कॉम्प्युटर, मी अध्यक्ष, बाकी सगळे उपाध्यक्ष.

हे मी बायकोच्या भावाला, कोल्हापूरच्या सर्जेरावाला, फोनवर सांगितलं. चूक इथेच झाली. पंधरा दिवसांत त्यानं दहा कॉम्प्युटरांचा ‘पंचगंगा संघ’ उभा केला आणि मला फोन केला.

“दाजी, लावायची का पैज?”

“लाव!”

“दसऱ्याच्या संध्याकाळी सहाला ज्याचे तुकडे जास्त, तो जिंकला. हरणाऱ्यानं भाऊबीजेला सगळ्या पाहुण्यांसमोर उभं राहून म्हणायचं, की समोरच्याच्या गावची मिसळ आपल्या गावापेक्षा भारी हाय!”

मी जन्मात बरंच काही कबूल केलं आहे. लग्नात तर लाऊडस्पीकरवर उखाणा घेतला आहे. पण हे? नाशिकच्या माणसानं? भाऊबीज आमच्याच घरी, शेजारीपाजारी फराळाला येणार, आमच्या संघातले हारुनभाई येणार, आणि त्यांच्यासमोर मी कोल्हापूरच्या मिसळीची आरती करू?

“मान्य!” मी म्हणालो. अध्यक्ष होतो ना!

पहिल्याच आठवड्यात आमचे तुकडे अडायला लागले. चौकशी केली, तर घरोघरी तोच प्रकार. माणूस कामावर गेला की घरचे कॉम्प्युटर बंद करत. “उगाच जळतोय कशाला!” आमच्या घरी तर माझी बायको संध्या तो बंद करून वर विणलेला झालरीचा रुमाल घालायची. मग मी सगळ्या कुटुंबांना आमच्या हॉलमध्ये बोलावलं, मिसळ खाऊ घातली आणि व्याख्यान दिलं. विषय : खरा कॉम्प्युटर कोणता?

“हा टीव्हीसारखा दिसतो ना, हा मॉनिटर,” मी म्हणालो. “हा नुसता चेहरा! हा खुशाल बंद करा, झाका, याच्यावर पापड वाळवा! खरा कॉम्प्युटर हा खालचा डबा. मेंदू यात, जीव यात. नमस्कार करायचाच असेल तर या डब्याला करा!”

पिंपळगाव बसवंतला द्राक्षांचं पॅकहाऊस चालवणारा रंगनाथ आई सगुणाबाईंना घेऊन आला होता. सगुणाबाईंनी चष्मा सारखा केला.

“पर वरचं तर काळं ठिक्कर दिसतंय. मंग ह्यो चालू हाय, हे कळायचं कसं?”

“देवाचं कसं असतं, आजी? दिसत नाही, पण काम चालूच असतं ना?”

“लय खरं बोलला, बाबा!” म्हणत त्यांनी तिथल्या तिथे डब्याला हात जोडले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, मी जिंकलो.

आणि खरंच, तेव्हापासून एकही डबा बंद पडला नाही! सिंहस्थाच्या गर्दीत सगळं नाशिक कोलमडलं होतं, पण आमचे अकरा डबे खरखर तपासत होते. अष्टमीला दुपारी आम्ही नऊ तुकड्यांनी पुढे होतो.

त्याच दुपारी मला नामपूरला जावं लागलं. तिथे जयरामकाकांकडे आमच्या कुळाचा नवरात्राचा होम असतो. घरचा घट सोडून संध्याला येता येईना. निघताना मी तिला तीन वेळा बजावलं, “डब्याकडे लक्ष ठेव. सगळ्यांना निरोप दे, दोन दिवस डब्याची नीट काळजी घ्या!”

“अहो, एवढं कळतं मला,” ती म्हणाली.

नवमीला दुपारी मी काकांच्या घरून फोन लावला.

“डब्याला कुणी हात लावला नाही ना?”

“छे! जवळसुद्धा जाऊ देत नाहीये कुणाला. सोवळ्यात ठेवल्यासारखा ठेवलाय!”

“आणि बाकीच्यांनी?”

“सगळ्यांचे फोन आले सकाळी. सगळ्यांनी अगदी तुम्ही सांगितलं तसंच केलंय.”

माझा ऊर भरून आला. अशी बायको मिळायला पुण्य लागतं! मी काकांना सगळा प्रकल्प समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि अहिराणीत विचारलं,

“तुना मशीन कोनले शोधस?”

“ताऱ्यांवरच्या माणसांना, काका.”

“त्यासले माहीत शे का, तू शोधस ते?”

काकांना विज्ञानाची आवड कमी.

दसऱ्याला दुपारी दोनला घरी पोचलो. दाराला झेंडूचं तोरण. आत श्रीखंडाचा वास. मी चप्पल काढता काढताच खोलीत शिरलो आणि जागच्या जागी उभा राहिलो.

टेबल रिकामं होतं. जमिनीवर चौरंग, त्याभोवती रांगोळी. चौरंगावर डबा! सगळ्या वायरी काढलेल्या. कपाळावर कुंकवाचं स्वस्तिक, गळ्यात झेंडूचा हार, फ्लॉपीच्या फटीत आपट्याचं पान. शेजारी विळी, कात्री, स्क्रू-ड्रायव्हर आणि माझ्या स्कूटरची किल्ली. मॉनिटर कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला होता, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा.

“हे काय?”

“काल खंडेनवमी नव्हती का? हत्यारांची पूजा!” संध्या कौतुकानं म्हणाली. “मी आधी मॉनिटरच घेणार होते हो. पण तुम्ही म्हणाला होता ना, तो नुसता चेहरा! म्हणून डबा घेतला.”

“बंद कधी केलास?”

“काल सकाळी सहाला. पूजेला मांडलेलं हत्यार चालवतात का कधी? वर्षातून दोन दिवस त्यालाही विसावा नको?”

मी खाली बसलो. बसता बसता स्क्रू-ड्रायव्हरवर बसलो, पण तेव्हा ते दुःख फारच किरकोळ होतं.

पिंपळगावला फोन लावला. “रंगनाथ, तुझा डबा?”

“साहेब, लय भारी पूजा झाली! आईनं डबा पॅकहाऊसवर नेला, वजनकाट्याच्या शेजारी मांडला. म्हटली, जीव ह्याच्यात हाय, साहेबांनी सांगितलंय!”

उरली आशा एकच. हारुन शेखांचं कॉलेजरोडला डीटीपीचं दुकान. तिथला डबा तरी चालू असणार!

“हारुनभाई, तुमचा डबा चालू आहे ना?”

“अहो साहेब, आज कसा चालू असेल? आमचे ऑपरेटर पूजा मांडतात ना! अब्बांच्या वेळेपासून रिवाज आहे. तेव्हा छापखान्यातल्या खिळ्यांच्या पेट्या मांडायचे, आता हे. काल सकाळी बंद मीच केला, स्वतःच्या हातानं. पोरं मॉनिटरला हार घालत होती, मी म्हटलं, चुकताय! साहेबांचं लेक्चर ऐकलं नाहीत का?”

अकराच्या अकरा डबे बंद! आयुष्यात दिलेलं एकच व्याख्यान आणि त्याचा शंभर टक्के निकाल.

मी चौरंगासमोर डोकं धरून बसलो. आता पूजा उतरवून, वायरी जोडून काय होणार? चार तासांत तुकड्याचा कोपरासुद्धा तपासून होत नाही. संध्यानं श्रीखंडाची वाटी पुढे केली. आणि पहिल्या चमच्याला माझ्या डोक्यात वीज चमकली.

कोल्हापूर! कोल्हापुरात काय खंडेनवमी नसते? तिथे तर दसरा आमच्याहून दांडगा! त्यांचेही दहा कॉम्प्युटर पूजेत असणार! दोन्ही संघ बंद, म्हणजे आमची नऊ तुकड्यांची आघाडी शाबूत! मी उठलो. संध्याला सोनं दिलं. दुसऱ्यांदा श्रीखंड घेतलं. सहाला पाच मिनिटं असताना डबा चौरंगावरून उतरवला, वायरी जोडल्या आणि फोनची लाईन लावली. मोडेम कण्हला, किंचाळला, गप्प झाला. पडद्यावर वरून खाली एकेक ओळ उतरू लागली.

पंचगंगा संघ आठ तुकड्यांनी पुढे.

तेवढ्यात लाईन तुटली आणि लगेच फोन वाजला.

“दाजी! सोनं घ्या, सोन्यासारखं राहा!”

“सर्जेराव,” मी क्षीण आवाजात विचारलं, “तुमच्याकडे पूजा नाही का झाली?”

“म्हंजे काय! झाली की! दहाच्या दहा घरांत. काल सकाळीच बंद केलं, हळदीकुंकू लावलं, हार घातला.”

“बंद केलं? मग तुकडे कुणी तपासले?”

“तेच कोडं हाय बघा! मी बी आत्ता वाकून बघितलं. घरच्यांनी टीव्हीसारखा तो बंद करून त्याचीच पूजा केलीया. टेबलाखालचा डबा चालूच ऱ्हायला की ओ! आईनं तर हार पोचंना म्हणून त्याच्यावर पाय ठेवला हुता!”

“कुणी सांगितलं नव्हतं त्यांना, खरा कॉम्प्युटर कोणता ते?”

“कोण सांगणार, दाजी? आमच्यात तुमच्याएवढं शिकलेलं हाय कोण!”

भाऊबीजेला आमच्या हॉलमध्ये पंचवीस माणसं होती. सर्जेराव होता, सासूबाई होत्या, रंगनाथ पिंपळगावहून मुद्दाम आला होता. मी उभा राहिलो. वाक्य म्हटलं. पहिल्यांदा ऐकू आलं नाही अशी तक्रार झाली, म्हणून दुसऱ्यांदा म्हटलं. हारुनभाईंनी हातातली चकली खाली ठेवली आणि मान फिरवली. ते मला अजून दिसतं.

शेवटी सासूबाईंनीच विषय बदलला. टेबलाकडे बघत त्यांनी विचारलं, “जावईबापू, एवढा दंगा चाललाय, पर ह्यातला खरा कॉम्प्युटर कंचा वो?”

सगळा हॉल माझ्याकडे बघू लागला. मी एकदा डब्याकडे पाहिलं. मग सावकाश हात वर केला आणि मॉनिटरकडे बोट दाखवलं.

“तेच म्हणतो मी!” सासूबाई म्हणाल्या. “दिसतंयच की!”