पळीवाढा कोळसा

पानात कढी वाढली की खैरनार आधी मनगटावरचं घड्याळ काढून ताटाशेजारी ठेवत. मग चमचा उंच धरून कढीची धार सोडत आणि ती किती वेळात तुटते ते बघत. आर. के. पुरमच्या गणपतीच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसायला कोणी धजत नसे. "वहिनी, सरसरीत हवी होती, ही पाणचट झाली," असं ते वाढणारणीला प्रेमाने सांगत आणि वर पुन्हा वाढा म्हणत.

दिल्लीतल्या एका सरकारी प्रयोगशाळेत ते शास्त्रज्ञ होते, मी प्रशासन अधिकारी. कोळशाची काजळासारखी बारीक पूड पाण्यात कालवून ती तेलाऐवजी बॉयलरमध्ये जाळायची, या खटपटीत त्यांची उमेदीची वर्षं गेली. मिश्रण फार घट्ट झालं तर नळीत अडतं, पातळ केलं तर कोळसा तळाशी बसतो. पेल्यात फिरकी फिरवून दाटपणा मोजणारं एक यंत्र त्यांच्याकडे होतं. त्याला ते रोज सकाळी स्वतः पुसत. वहीत आकडे लिहीत, पण तोंडात शब्द आईच्या स्वयंपाकघरातले. त्यांचा हरयाणवी मदतनीस हरपालसुद्धा जिन्यातून ओरडे, "सर जी, आज का माल बिल्कुल पलीवाढा है!"

"ढवळल्याशिवाय मत देऊ नका," हे त्यांचं पालुपद. काही मिश्रणं स्वस्थ असताना घट्ट दिसतात, ढवळली की पातळ होतात. बहुतेक साहेबलोक त्या जातीचे. "आणि हे आमचे सावंत," माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणत, "उलट्या जातीचे. जितकं ढवळाल तितके घट्ट." सगळे हसत. मीही हसे, पण ते मला झोंबत असे.

मग उदारीकरण आलं. बाहेरून हवं तेवढं तेल मिळतंय तर हा काळा चिखल कशाला, असं वरून विचारलं गेलं. विभाग बंद करायची टिप्पणी मीच लिहिली, आणि झकास लिहिली. खैरनारांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. शेवटच्या आठवड्यात ते माझ्या टेबलाशी आले.

"सावंत, ते यंत्र भंगारातच जाणार ना? मला द्या. घरी हवंय."

"घरी? कढी मोजायला?" मी मुद्दाम मोठ्याने विचारलं. अख्खा सेक्शन खदखदून हसला.

"तसंच समजा," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी रीतसर अर्ज घेऊन आले. निकामी सामान कर्मचाऱ्याला देता येत नाही, असा शेरा मारून मी तो परत केला. संचालकांकडे शब्द टाकता आला असता. टाकला नाही. यंत्र कबाडी घेऊन गेला.

चार महिन्यांनी एका कागदावर त्यांची सही हवी होती म्हणून गुडगावला त्यांच्या नव्या सोसायटीत गेलो. दार उघडंच होतं. त्यांच्या पत्नी उशांना टेकून बसल्या होत्या, तोंड एका बाजूला ओढलेलं. विभाग बंद व्हायच्या सुमारासच त्यांना पक्षाघात झाला होता, हे मला तेव्हा कळलं. खैरनार वाडग्यात पेज ढवळत होते, धार सोडून बघत होते, चिमटीने तांदळाचं पीठ घालत होते.

"पातळ झालं तर हिच्या श्वासनळीत जातं, घट्ट झालं तर घशात अडकतं," ते वर न बघता म्हणाले. "हाताने नेमकं जमत नाही. गेल्या महिन्यात दोनदा हॉस्पिटल झालं."

मी म्हणालो, "खैरनार, मला तेव्हा सांगायचं होतंत."

"अर्जात लिहिलं होतं की," ते सहज म्हणाले, आणि पत्नीची हनुवटी तिच्याच पदराने टिपून त्यांनी पुढचा चमचा भरला.

तो अर्ज मी वाचलाच नव्हता.