आबांची डबल बेल

मागून कितीही जोर लावा, कुणीतरी "टिंग टिंग" ओरडल्याशिवाय आबा गाडीचा क्लच सोडत नसत. सगळा जन्म एसटीत ड्रायव्हरकीत गेलेला. डबल बेलशिवाय निघणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

पंच्याण्णवच्या आसपास केडगावच्या आमच्या नव्या कॉलनीत मोटार म्हणजे आबांची जुनी फियाट, तेवढीच. सकाळी ती हटकून बंद पडलेली असायची. जेवणाचे डबे पायरीवर ठेवून आम्ही ढकलायला लागायचो. धापा टाकणाऱ्या माणसाच्या तोंडून टिंग टिंग कुठून निघणार? मग आबा खिडकीतून डोकं काढत. "बेल कुठं हाय? बेलीबिगर गाडी हालत नसती!"

सुरू झाली की पुणे रोडपर्यंत एक चक्कर, आणि पुन्हा फाटकाशी उभी.

"आबा, जायचं कुठं होतं?"

"कुठंच न्हाई. गाडी तयार पायजे."

शेवटी मिस्त्रीला दाखवली. बॅटरी ठणठणीत होती. गाडीतला दिवा रात्रभर चालू राहायचा, म्हणून ती उतरायची. म्हातारा विसरतो, असं ठरवून आम्ही मनसोक्त हसलो.

एका संध्याकाळी भाजी घेऊन येताना तो दिवा मला दिसला. मी दार उघडून तो बंद केला आणि मोठ्या ऐटीत आबांना सांगायला गेलो. हातातली बशी ठेवून ते अनवाणी धावले.

"मास्तर, असं करू नगा. एसटी कवाबी येती."

मग सगळं कळलं. मुलीनं आपल्या मनानं लग्न केलं, तेव्हा आबांनी तिला घर बंद केलं होतं. ती पुणतांब्याला असते. हे नवं घर तिनं पाहिलेलंच नाही. दिवाळीच्या आधी आबांनी तिला निरोप धाडला होता : घरं सगळी सारखीच आहेत, आपली गाडी दिसेल, आत दिवा असेल, तेच घर.

"मग तुम्हीच जा की गाडी घेऊन!"

"अन् तिच्या दारात बंद पडली तर? जावयाला धक्का मारायला लावू व्हय?"

मला हसू फुटलं. आबांकडे पाहिलं आणि फार वाईट वाटलं.

"निरोपात आणखी काय सांगितलंत?"

"समदं सांगितलं. कुठं उतरायचं, कुठं वळायचं." आबांनी दिवा पुन्हा लावला आणि बाहीनं काच पुसत राहिले. "माझं चुकलं, तेवढं सांगायचं राह्यलं."